मदत हवी आहे : डीस्पेसमधील जुन्या मराठी अहवालांत शब्द शोधता येत नाहीत

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. विद्यार्थ्यांचे जुने प्रकल्प अहवाल आम्ही डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर चढवले आहेत. परंतु त्यांतील बरेचसे युनिकोडपूर्व (म्हणजे मराठी अक्षरांसाठी रोमन अक्षरांचेच संकेत वापरणाऱ्या जुन्या) फॉन्टमध्ये टंकलिखित असल्याने पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, मात्र मजकूर कॉपी केला की नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटतात. परवा एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने ‘ऊसतोड’ हा शब्द शोधला, तर एकही नोंद आली नाही, आणि त्याच विषयावरचे चार अहवाल मी तिला कपाटातून काढून दिले. ती गेवराईहून एसटीने येते. दर वेळी कपाटापर्यंत येणे तिला परवडत नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा फॉन्ट परिवर्तक वापरावा, की पानांच्या प्रतिमांवर टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणे) करावे? जोडाक्षरांच्या चुका आपण कशा तपासता? तोवर डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाण आराखड्यातील विषयशब्द मी मराठीत भरत आहे.