पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर: हबशी लोक दख्खनेत आले कसे?

रस्सामंडळ: परवा ग्रुपबरोबर पन्हाळा-पावनखिंड चाललो, वाटेत बाजीप्रभू, शिवा काशिद हा विषय निघणारच, आणि एकानं विचारलं की सिद्दी जौहर हबशी म्हणजे मूळचा आफ्रिकेकडचाच ना, मग १६६० ला आदिलशाहीचा एवढा मोठा सरदार होऊन चार महिने आमच्या गडाला वेढा घालून बसला कसा? तिकडचे गुलाम अमेरिकेला न्यायचे एवढंच शाळेत शिकलोय. ठाऊक असेल त्यानं नीट सांगा, व्हॉट्सॲप फॉरवर्ड नको.

तीनदरवाजा: भावा, अमेरिकेची वाट फार नंतरची. तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तान आणि तिथनं जहाजानं गुजरात नाहीतर कोकण, हे त्याआधी कैक शतकं चालू होतं. आणि हे हबशी मूळचे ज्या इथिओपियाकडचे, ते काय नुसतं रान नव्हतं, चौथ्या शतकात तिथल्या अक्सूमच्या राजांची स्वतःची सोन्याची नाणी होती, आपल्याकडच्या कुशाणांची नाणी तिथल्या देब्रे दामोच्या मठात सापडलीत.
आता मलिक अंबर बघ. १५४८ च्या आसपासचा जन्म, पोरवयात विकला गेला, येमेनचं मोखा बंदर, बगदाद असं हातोहात विकत शेवटी निजामशाहीच्या पेशव्यानं घेतला, आणि तो पेशवा चंगीझखानसुद्धा हबशी, एकेकाळचा गुलाम! सुलतानांना असली माणसं का पाहिजे होती, तर इथं त्यांना ना भाऊबंद ना वतन, मालकाशिवाय कोण नाही. मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला, फौज बांधली, १६१० ला खडकी वसवली (आताचं संभाजीनगर), १६२४ ला भातवडीला मोगल आणि आदिलशाही दोघांना पाणी पाजलं, शहाजीराजे त्याच्याच बाजूनं होते. जहांगीराच्या काय तो हाताला लागला नाही, मग त्यानं चित्र काढून घेतलं, भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि बादशहा पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून त्याला बाण मारतोय. कसला राग असंल बघा.

कळंबा_कट्टा: म्हणजे आपल्याकडची गुलामगिरी बरी म्हणायची की. सरदार झाला, राज्य चालवलं, अजून काय पाहिजे?

ऊसवाली_ताई: बरी कसली ओ दादा. एक अंबर वर आला म्हणून नाव राहिलं, बाकीची पोरं कुठं गेली ते कुणी लिहून ठेवलं नाही. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळच्या रानात राहणाऱ्या सिद्दींचे, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांचे, पूर्वज बरेचसे पोर्तुगीजांच्या गोव्यातनं पळालेले गुलाम, त्यांना अनुसूचित जमातीत घ्यायला २००३ साल उजाडलं.
फरक होता तो कामात. इथं फौज नाहीतर घरकाम, तिकडं ब्राझील-कॅरिबियनला ऊस. आपल्याला ऊस सांगायला नको, तोडला की लगेच गाळावा लागतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा, झोपेच्या गुंगीत हात रुळात गेला तर तोडायला कुऱ्हाड शेजारीच ठेवलेली असायची. साधारण सव्वा कोटी माणसं जहाजात भरली, त्यातली अठरा-एक लाख वाटेतच मेली, आणि आत्ताच्या अमेरिकेत चार लाखसुद्धा उतरली नाहीत, एकट्या ब्राझीलमध्ये अठ्ठेचाळीस लाखांवर. तिथं बंदी आली ती १८८८ ला.

कळंबा_कट्टा: बरं ताई, पटलं. पण शेवटी बंद केली ती इंग्रजांनीच ना?

तीनदरवाजा: अर्धंच खरं. त्याआधी १७९१ ला हैतीतले गुलामच उठले आणि १८०४ ला देश स्वतंत्र करून दाखवला. इंग्रजांनी १८०७ ला व्यापार बंद केला, १८३३ ला गुलामीविरुद्ध कायदा केला, पण २ कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, गुलामाला दमडी नाही. वर कंपनी सरकारचा मुलूख त्या कायद्यातनं वगळला, आपल्याकडचा कायदा १८४३ चा. पुढं समुद्रात अरबांची गलबतं पकडून सोडवलेली पोरं मुंबईला उतरवायचे, त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरला मिशनमध्ये वाढली, सुतारकाम लोहारकाम शिकली. तिथलाच जेकब वेनराइट १८७४ ला, आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन वारला त्याच्या मृतदेहाबरोबर लंडनपर्यंत गेला. नाशिकचा बरं का!

रस्सामंडळ: आयला, नाशिकचं कधी कानावरसुद्धा आलं नव्हतं. हल्याळला जायचं तर कुठनं पडतं?

ऊसवाली_ताई: बेळगाव, खानापूर, अळणावर करत जावा. पण लोकांना बघायला म्हणून जाऊ नका, ओळख काढून जावा.