चैत्र होळीनंतर लागतो की पाडव्याला?

कोथरूड : आमच्या शेजारच्या भाभी मूळच्या लखनौच्या. २०२५ च्या धुळवडीनंतर दोन दिवसांनी लिफ्टमध्ये भेटल्या, म्हणाल्या, ‘चैत लग गया, अब गर्मी बढ़ेगी.’ मी म्हटलं, अहो, पाडवा लांब आहे, आमचा अजून फाल्गुनच चाललाय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. चैत आणि चैत्र एकच ना? मग हा महिना दोनदा कसा लागतो?

सदाशिव पेठ : शब्द एकच, मोजण्या दोन. आपला महिना अमावास्येला संपतो म्हणून तो अमांत, त्यांचा पौर्णिमेला संपतो म्हणून पूर्णिमांत. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगण हे सगळे अमांतवाले. शुद्ध पक्षाबद्दल दोघांचं एकमत आहे. घोळ फक्त वद्य पक्षाचा. आपण ज्याला फाल्गुन वद्य म्हणतो, तोच त्यांचा चैत्र कृष्ण. त्या वर्षी धुळवड १४ मार्चला झाली, त्यांचा चैत्र १५ ला लागला आणि आपला ३० ला, पाडव्याला. भाभी बरोबर होत्या, तुम्हीही.

सण मात्र हुकत नाहीत. रंगपंचमी आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी, इंदूरकरांच्या पंचांगात चैत्र कृष्ण पंचमी. रंग एकाच दिवशी उडतो. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. गोकुळाष्टमी आपली श्रावणातली, त्यांची भाद्रपदातली.

खरी गंमत पुढे आहे. विक्रम संवताचं वर्ष तिकडेही चैत्र शुक्ल प्रतिपदेलाच बदलतं. म्हणजे त्यांचा चैत्र अर्धा सरत्या वर्षात, अर्धा नव्यात. वर्षाचा पहिला महिना वर्ष लागण्याआधीच पंधरा दिवस जुना! मला आपली मोजणी सुटसुटीत वाटते. पण हे मत सदाशिव पेठेतून आलंय, तेवढं लक्षात घेऊन वाचा.

नावाचं म्हणाल तर पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो, म्हणून ती पौर्णिमा चैत्री आणि तो महिना चैत्र. हनुमान जयंतीची ही पौर्णिमा दोन्हीकडे चैत्रातच येते: आपल्या महिन्याच्या मध्यावर, त्यांच्या शेवटच्या दिवशी.

हडपसर : आमच्याकडे चैत्री म्हटलं की पौर्णिमा नाही, पंढरपूरची वारी. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. ती शुद्ध एकादशीला असते. आणि एक विचारायचं होतं. वद्य म्हणजे वाईट का? आजी वद्यात नवं काही सुरू करू द्यायची नाही.

सदाशिव पेठ : आजींचा नियम असेल, शब्दाचा दोष नाही. कृष्ण पक्षाला ‘बहुल’ म्हणत. ‘बहुल दिवस’ याचा संक्षेप बदि किंवा वदि, त्याचं आपण केलं वद्य. तसाच शुक्ल दिवसाचा शुदि किंवा सुदि. हे संक्षेप जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत सर्रास दिसतात. ‘निंद्य’शी यमक जुळतं एवढंच, नातं काही नाही.

नारायण पेठ : तुम्ही पुरुष मंडळी पक्षांतच अडकलात. चैत्रगौर विसरलात की! शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती थेट अक्षय्य तृतीयेला उठते, म्हणजे वैशाखात. तरी शेवटच्या दिवशीचं हळदीकुंकूसुद्धा ‘चैत्रातलं हळदीकुंकू’च असतं. अमांत असो की पूर्णिमांत, बायकांचा चैत्र तृतीयेपासून तृतीयेपर्यंत! आमच्या आईच्या वाड्यात या महिन्यात दारापुढे चैत्रांगण काढायचे. चैत्रातलं अंगण ते चैत्रांगण. मधे गौर, भोवती शंख, चक्र, गोपद्म, कासव, तुळस, सूर्य, चंद्र. आता अंगणच उरलं नाही, तर मी फ्लॅटच्या दारात दोन फरश्यांवर मावेल तेवढं काढते. कासवाचा एक पाय शेजाऱ्यांच्या हद्दीत जातो.

पन्ह्याचा उगमही सांगून टाकते: संस्कृत पानक, त्यावरून पन्हे. बोलताना पन्हं.

धायरी : रामनवमी राहिली. तुळशीबागेतल्या राममंदिरात दुपारी बारा वाजता पाळणा हलतो, हातावर सुंठवडा पडतो. तिथे कुणी अमांत-पूर्णिमांत विचारत नाही.

सदाशिव पेठ : विचारायचं कारणच नाही. नवमी शुद्ध पक्षातली आहे.

कोथरूड : सगळं भाभींना समजावलं, पटलं. मग बायकोने हळदीकुंकवाला बोलावून त्यांना आंब्याची डाळ दिली. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी विचारलं, ‘इसमें आम कहाँ है?’

नारायण पेठ : आहे की, किसून घातलाय! भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, त्यात कैरीचा कीस आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. मराठीत आंबा हे झाडाचं नाव आणि फळाचंही. कच्च्याला कैरी म्हणतात, पण या डाळीच्या नावात ती शिरली नाही. ‘कैरीची डाळ’ म्हणणारेही आहेत, आमच्या पेठेत मात्र आंब्याचीच. भाभींना सांगा, पिकलेला हवा असेल तर अक्षय्य तृतीयेला या. त्या दिवशी आमरस.