मामाचं ‘उंदराचं घड्याळ’ सापडलं, सल्ला हवा (चावीची कार्टून घड्याळं)

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या पेटीत, साडीच्या घडीत एक घड्याळ सापडलं. मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी सत्तरच्या दशकात कधीतरी आईसाठी आणलेलं. डायलवर मिकी माऊस. त्याचे हात म्हणजेच काटे, टोकाला पिवळे हातमोजे. आई आजही त्याला ‘उंदराचं घड्याळ’च म्हणते. डायलवर ‘ब्रॅडली’, खाली बारीक अक्षरांत ‘स्विस मेड’. नऊच्या बाजूला पिवळट डाग आहे, काच ओरखडलीय, लाल पट्टा तुटायला आलाय. चावी दिली की दहा-बारा मिनिटं चालतं आणि बसतं.

डायल नवीन रंगवून मिळते म्हणे, तर रंगवून घेऊ का? आणि खरं सांगायचं तर आता नादच लागलाय. अशी आणखी दोन-चार जमवायची आहेत. बजेट पाचेक हजार. सुरुवात कुठून करू?

चावीवाला_भुसावळ
ताई, पहिलं काम म्हणजे चावी देणं थांबवा. आतलं तेल वाळून चिकट झालंय, तसंच चालवलं तर नुसती झीज. आणि डायलला कोणालाही हात लावू देऊ नका. डाग असू द्या.

एचएमटी किंवा फावर-ल्यूबामध्ये माणूस मशीन बघतो. कार्टून घड्याळात उलटं असतं. तुमच्या घड्याळाचं मशीन साधं पिन-लिव्हर आहे, म्हणजे माणकाच्या जागी पोलादी पिना. मागचं झाकण उघडलं की एखादाच ज्वेल (म्हणजे माणिक) लिहिलेला दिसेल. ही घड्याळं मुळातच स्वस्तात विकायला केलेली. १९३३ साली इंगरसोलचं पहिलं मिकी घड्याळ शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आलं तेव्हा किंमत होती ३ डॉलर ७५ सेंट. मंदीत बुडायला आलेली ती कंपनी या उंदराने तारली. त्याच्या सेकंदाच्या छोट्या चकतीवर तीन चिमुकले मिकी एकामागे एक पळतात. बघायला मिळालं तर भिंग लावून बघा, तासभर जातो. सांगायचा मुद्दा, यात जी काही किंमत आहे ती चित्राची. चित्र रंगवलं की गेली.

कारागिराकडे देताना दोन गोष्टी बजावून सांगा. काटे काढताना डायलवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवायचा, नाहीतर चिमटा डायलवर घासतो आणि हातमोज्याचा रंगही उडतो. आणि डायल ओल्या कापसाने पुसायची नाही. जुन्या छपाईची शाई पाण्याने सुटते. मी स्वतः एकदा एका बदकाचं अर्धं तोंड असं पुसून बसलोय.

केळीचा_घड
काय भो, बठ्ठा पैसा घड्याळमाच घालशी का? 😄 गंमत केली ताई. पण चावीवाले आबा जरा कडकच बोलतात. डागाचं घड्याळ हातात घालून लग्नाला जाणार का कोणी? माझ्या काकांचं एचएमटी रंगवून आणलं, एकदम नवं दिसतं.

चावीवाला_भुसावळ
@केळीचा_घड ‘नवं दिसतं’ हेच तर दुखणं आहे, भाऊ. एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळावर हवं ते करा, ती भरपूर आहेत. मामाचा हा मिकी एकच आहे.

पांझराकाठी
धुळ्याहून माझा अनुभव, फुकट घ्या. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक ‘तीसच्या दशकातला दुर्मिळ मिकी’ घेतला, साडेचार हजारांना. डायल चकचकीत, पांढरीशुभ्र. तेव्हाच शंका यायला हवी होती. नव्वद वर्षांचा कागदही इतका पांढरा राहत नाही! झाकण उघडलं तर आत एचएमटीचं सतरा ज्वेलचं मशीन. बंगळुरूचा कारखानाच १९६१ चा, मग तीसच्या दशकात ते मशीन आलं कुठून? विकणाऱ्याने फोन उचलणंच बंद केलं.

तेव्हापासून नियम: मशीनचा फोटो नाही तर पैसे नाहीत. दुसरं, डायलवरची बारीक अक्षरं वाचा. ‘वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस’ असेल तर तीसचं दशक. ‘प्रॉडक्शन्स’ असेल तर त्यानंतरचं, १९८६ पर्यंतचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नावच बदललं. तिसरं, मिकीची छपाई. खऱ्यात रंगाची कड रेषेवर बसते. खोट्यात लाल चड्डीचा रंग रेषेबाहेर सांडलेला दिसतो. आणि ‘लोरस’चा मिकी स्वस्तात दिसला तर हुरळू नका. घड्याळ छान असतं, पण ते बॅटरीवरचं, आपल्या धाग्यात बसत नाही.

पाच हजारांत चार घेऊ नका. एकच नीट घ्या. टायमेक्सचं चावीचं स्नूपी (कार्टूनमधला कुत्रा) बघा, हातात टेनिसची रॅकेट असलेलं. त्यात सेकंदकाट्याऐवजी चेंडू फिरतो. माझ्या मते मिकीपेक्षा गोड आहे, पण इथे हे बोलायची चोरी.

चावीवाला_भुसावळ
स्नूपीला माझीही हरकत नाही. एकच जोड देतो: वैशाखात घड्याळ पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. आपल्याकडे बाहेरच पंचेचाळीस असतं, आत तेल पातळ होऊन पसरतं. आणि टीव्हीच्या स्पीकरजवळ नको. केसासारखी स्प्रिंग लोहचुंबकाने चिकटली की घड्याळ पळत सुटतं.

अमळनेरची_लेक
उशीर झाला, माफी. इथल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी नीट बघितलंही नाही. म्हणाले, “ताई, हे कशाला? यात बॅटरीचं मशीन टाकून देतो, दीडशे रुपयांत.” घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि सरळ उठले.

मग जळगावला एका वयस्कर कारागिरांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, काही न बोलता दोन मिनिटं बघत राहिले आणि हसले. झाकण उघडल्यावर आत खरंच एकच ज्वेल! प्लॅस्टिकच्या कागदाचं मी सांगायच्या आधीच त्यांनी खणातून काढून दाखवला. डायल आहे तशीच ठेवली, फक्त काच पॉलिश केली. आता दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. आईला सांगितलं तर म्हणाली, “ते तेव्हाही मागंच पडायचं. तुझे बाबा रेडिओच्या बातम्यांना लावून द्यायचे.”

स्नूपी शोधतेय. पांझराकाठी, विकणाऱ्याने मशीनचा फोटो पाठवला की इथे टाकते, बघाल ना? आणि तो लाल पट्टा पार तुटला हो. टाकून देऊ?

चावीवाला_भुसावळ
नाही! बक्कल त्याच्याबरोबरचं आहे. कागदात गुंडाळून पेटीत परत ठेवा.

पांझराकाठी
टाका फोटो. झाकणाच्या आतली बाजूही मागवा.