मदत हवी आहे: मुलाच्या हृदयाची झडप जन्मतः दोन पाकळ्यांची, पळू द्यावं का?

नमस्कार ताई-दादांनो, आम्ही साताऱ्याचे. मुलगा १६ वर्षांचा. गेल्या महिन्यात तापासाठी दाखवायला नेलं तर डॉक्टर म्हणाले, ठोक्यात जादा आवाज येतोय. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या निघाल्या, बायकस्पिड. गळती अगदी थोडी, महाधमनी रुंदावलेली नाही. औषध काही नाही, दोन वर्षांनी पुन्हा इको. शंभरात एक-दोघांना असं असतं म्हणे, पण आपल्या लेकराचं नाव कागदावर वाचलं की हात थरथरतातच.

त्याला पोलीस भरती करायची आहे. रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ पळत चढतो. डॉक्टरांनी पळायला हरकत नाही सांगितलंय, फक्त दम कोंडून जड वजन उचलू नको म्हणाले. सासूबाई मात्र त्याला जिनाही चढू देईनात! घरात रोज वाद. मला वाटतं, पोराला आजारी करून बसवणं बरोबर नाही.

कोणाच्या घरी असंच आहे का? १६०० मीटरचा सराव, गोळाफेक कशी सांभाळली? भरतीच्या मेडिकलला काय झालं, खरं सांगा, वाईट असलं तरी चालेल. आई-वडील आणि भावंडांनीही इको करावा असं सांगितलंय, धाकटीचा कितव्या वर्षी केलात? आणि दातांच्या डॉक्टरांना आधी सांगता ना? हिरड्यांतले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात, हे मला आत्ता कळलं.