मदत हवी आहे: अकरा आठवड्यांचं काम सहात मागतायत, सोमवारच्या मीटिंगमध्ये काय मांडू?

पारसिक_पलीकडे
ऑफिस महापेला, क्लायंट वागळे इस्टेटला. कर्जदारांसाठी ॲप करायचंय: ओटीपी लॉगिन, कर्जाचा तपशील, हप्ता भरणं, कागदपत्रं अपलोड, तक्रारी, शिवाय क्लायंटच्या माणसांसाठी ॲडमिन पॅनल आणि रिपोर्ट. टीम पाच जणांची: बॅकएंड (सर्व्हरची बाजू) दोन, अँड्रॉइड एक, आयओएस एक, टेस्टिंगला एक. अंदाज १६० मॅनडेंचा, म्हणजे एका माणसाच्या १६० दिवसांच्या कामाचा (बॅकएंड ६२, अँड्रॉइड ३२, आयओएस ३२, टेस्टिंग ३४). सेल्सने सहा आठवड्यांचा शब्द देऊन टाकलाय, मध्ये गणपती येतायत. मॅनेजर म्हणतात, "दोन माणसं वाढवून देतो, शनिवारी या, होऊन जाईल." नुसतं "जमणार नाही" म्हटलं की आपण निगेटिव्ह ठरतो. आकडे कसे मांडावेत?

घणसोली_लोकल
मॅनेजरच्या डोक्यातलं गणित ५ माणसं × ३० दिवस = १५० असं आहे. १६० त्याच्या अगदी जवळचं वाटतं, म्हणून तुमचे अकरा आठवडे त्यांना फुगवलेले दिसतात. हातात खरे दिवस किती, ते एका शीटमध्ये उतरवा:

१५० मधून गणपतीच्या रजा वजा. पाच जणांच्या मिळून १२ धरा, १३८ उरले. कोकणात जाणाऱ्यांची तिकिटं ६० दिवस आधीच निघालेली असतात, त्या रजा "मॅनेज" होत नाहीत.
जुन्या क्लायंटचा सपोर्ट चालू असणारच. २० टक्के काढा, ११० उरले.
स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग), कोड रिव्ह्यू, बिल्ड, क्लायंटचे कॉल यांचे १५ टक्के. उरले ९४.

म्हणजे सहा आठवड्यांत ९४ दिवसांचं काम होतं, मागणी १६० ची आहे. मीटिंगमध्ये आठवड्यांवर बोलूच नका, या ६६ दिवसांवर बोला. सपोर्टचे २० टक्के मात्र अंदाजाने लिहू नका. गेल्या तीन महिन्यांची टिकिटं मोजून जो आकडा येईल तो घाला, कारण पहिला वाद त्याच ओळीवर होतो.

कोपरी_पूल
सोपं आहे की. आयओएस, ॲडमिन पॅनल आणि रिपोर्ट दुसऱ्या टप्प्यात ढकला. साठेक दिवस सहज सुटतील.

टेस्टर_तुर्भे
असं सरसकट वजा करू नका, इथेच सगळे फसतात. आयओएस काढलं तर आयओएसवाल्याचे दिवसही रिकामे होतात, तो उद्यापासून बॅकएंड लिहायला बसणार नाही. ९४ ला पाचाने भागा, माणशी साधारण १९ येतात. आता भूमिकेनुसार बघा: बॅकएंडकडे ३८ आहेत, हवेत ६२. अँड्रॉइडकडे १९, हवेत ३२. टेस्टिंगकडे १९, हवेत ३४. सगळ्यात मोठी ओढाताण टेस्टिंगची आहे आणि त्याबद्दल मीटिंगमध्ये कोणी चकार शब्द काढणार नाही. डेव्हलपमेंट लांबतं, तारीख हलत नाही, टेस्टिंगचे दोन आठवडे चार दिवसांवर येतात.

त्यामुळे काटछाट प्रत्येक रकान्यात वेगळी करा. आयओएस पुढे ढकलल्यावर त्या माणसाला एपीआयच्या (ॲप आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीच्या) ऑटोमेटेड टेस्ट लिहायला द्या, टेस्टिंगचा भार तिथे हलका होतो. बॅकएंडमधून रिपोर्ट आणि ॲडमिन पॅनल काढा. पहिला महिना क्लायंटला रोज सकाळी एक्सेल फाइल पाठवली तरी त्यांचं काम चालतं. अँड्रॉइडमध्ये लॉगिन, तपशील, हप्ता एवढंच ठेवा. हप्त्यासाठी पेमेंट गेटवेचं तयार पान उघडा, कार्डाचा नंबर घेणारी स्क्रीन स्वतः बनवू नका. तिथे वेळ तर जातोच, शिवाय कार्ड डेटाच्या सुरक्षेचे नियम आपल्या गळ्यात पडतात.

घणसोली_लोकल
मुद्दा बरोबर. शीटमध्ये भूमिकेचे रकाने पाडा.

शनिवारचंही तिथेच दाखवा. सहा शनिवार × ५ = ३०. एकही शनिवार वाया गेला नाही असं धरलं तरी ९४ चे १२४ होतात, ३६ कमीच पडतात. वर शनिवार आधीच खर्ची पडले की ऐनवेळी काही मोडलं तर हाताशी मोकळा दिवस राहत नाही.

दोन नवी माणसं म्हणजे पाचाची सात. आपसात बोलणाऱ्या जोड्या १० वरून २१ होतात. लॅपटॉप, व्हीपीएन, रेपोची (कोड ठेवतो त्या जागेची) परवानगी यात पहिला आठवडा जातो, आणि शिकवायला तेच दोन बॅकएंडवाले बसतात ज्यांच्याकडे आधीच दिवस नाहीत. माणसं घ्यायचीच असतील तर एक टेस्टर मागा आणि त्याला सुटं काम द्या: टेस्ट डेटा, निरनिराळ्या फोनवर तपासणी. चौथ्या आठवड्यानंतर कोणी दिलं तर नको म्हणा.

एसएमएस_का_येत_नाही
तुमच्या यादीत बाहेरच्या गोष्टी नाहीत. तारीख बहुतेक वेळा तिथेच घसरते, कितीही कोड लिहा.

ओटीपीसाठी क्लायंटची डीएलटी नोंदणी (कंपन्यांच्या एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडे करायची नोंदणी), हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्पलेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) मंजूर लागतं. नोंदणी क्लायंटच्या नावावर, म्हणजे कागदपत्रं आणि सही त्यांची. टेस्टिंगमध्ये एसएमएस पुरवणाऱ्याच्या तयार टेम्पलेटवर ओटीपी छान येतो आणि सगळे निर्धास्त होतात. लाइव्हला मजकुरात एखादा शब्द इकडचा तिकडे असला तरी मेसेज अडतो. मंजूर टेम्पलेट जसंच्या तसं कोडमध्ये चिकटवा, शुद्धलेखनसुद्धा सुधारू नका.

गेटवेच्या लाइव्ह कीज (खरे पैसे घ्यायला लागणारे कोड) क्लायंटचं केवायसी झाल्याशिवाय मिळत नाहीत. प्ले स्टोअरचं अकाउंट क्लायंटच्या कंपनीच्या नावाने काढा. घाईत कोणी म्हणेल, "तोवर माझ्या पर्सनल अकाउंटवरून टाकू." नको. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या पर्सनल अकाउंटला आधी १२ टेस्टर घेऊन सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग करावं लागतं. आयओएस पुढे ढकललं तरी ॲपलच्या कंपनी अकाउंटसाठी लागणारा डन्स नंबर (कंपनीची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आत्ताच काढायला सांगा. कर्जाचं ॲप आहे, तेव्हा सुरक्षा ऑडिट कोण करणार हेही सोमवारीच विचारा. ऑडिटच्या त्रुटी दुरुस्त करून पुन्हा तपासायचे दिवस तुमच्या १६० मध्ये धरलेले दिसत नाहीत.

पारसिक_पलीकडे
ऑडिट खरंच धरलेलं नाही, वाढवते. एक शंका: मॅनेजर "बघू, करूया" म्हणून विषय गुंडाळतात. क्लायंटसमोर शीट उघडू का?

टेस्टर_तुर्भे
अजिबात नको. क्लायंटसमोर तोंडघशी पडलेला मॅनेजर हट्टाने सहा आठवडेच धरून बसतो. शुक्रवारी त्यांना एकट्याला शीट दाखवा. पर्याय दोनच ठेवा: सहा आठवड्यांत अँड्रॉइडचा छोटा टप्पा, किंवा अकरा आठवडे अधिक ऑडिटचे दिवस घेऊन सगळं. निवड त्यांची, आणि क्लायंटसमोर मांडू द्या त्यांनाच. स्वतःच्या नावावर पर्याय असला की ते त्यासाठी भांडतात.

मीटिंग संपल्यावर त्याच दिवशी मेल. इंग्रजीत लिहा, आशय असा:

"आज ठरल्याप्रमाणे पहिला टप्पा फक्त अँड्रॉइड: लॉगिन, तपशील, हप्ता. डीएलटी टेम्पलेट आणि गेटवेच्या लाइव्ह कीज क्लायंटकडून तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत. त्या जितके दिवस उशिरा, तितके दिवस लाइव्हची तारीख पुढे. नवीन मागणी आली तर तेवढ्याच दिवसांचं काम टप्प्यातून बाहेर."

सेल्सच्या माणसाला सीसीमध्ये ठेवा. शेवटची ओळ गाळू नका, "एक छोटंसं बटण" त्याच ओळीवर अडवता येतं.