शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी: मावशी आणि वॉर्डबॉयना काय आणि कसं शिकवायचं?

चाळीसगावकर

नमस्कार मंडळी. आमच्या १५ खाटांच्या सेवाकेंद्रात बहुतेक रुग्ण मुंबई-नाशिकहून "आता घरी न्या" असं सांगून परत पाठवलेले असतात. तोंडाचा, अन्ननलिकेचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग, जुना पक्षाघात, स्मृतिभ्रंश. कर्मचारी ३ परिचारिका (२ जीएनएम, १ एएनएम), ६ मावशी, ३ वॉर्डबॉय. पाळ्या १२-१२ तासांच्या. डॉक्टर दिवसातून एकदा येतात, एरवी फोनवर. मावश्या आठवी-दहावी शिकलेल्या, बोलणं सगळं अहिराणीत.

माणसं मायाळू आहेत, पण पॅलिएटिव्ह केअरचं (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणाऱ्या काळजीचं) शिक्षण कुणाचंच नाही. दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवायचा विचार आहे. त्यात काय घ्यावं? मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची सगळ्यांना धास्ती आहे. शेवटच्या दिवसांत रात्रपाळी घाबरते आणि १०८ ला फोन करून मोकळी होते. नातेवाईकांशी काय बोलायचं हेही कुणाला सुचत नाही.

गिरणाकाठ

ताई, वर्कशॉप नका ठेवू. एक तर दोन दिवस सगळे हॉलमध्ये बसले तर खाटांवर कोण? दुसरं, पडद्यावर बघितलेलं हातात उतरत नाही. पाळी बदलताना दोन्ही पाळ्या अर्धा तास एकत्र असतात, त्यातली २० मिनिटं घ्या. खाटेजवळ उभं राहून, एका आठवड्याला एकच काम. पहिल्या दिवशी सिस्टर करून दाखवते, नंतरचे दिवस प्रत्येकजण करतो आणि सिस्टर कागदावर बघून खुणा करते. लेखी परीक्षा नको. क्रम असा ठेवा: तोंड, कातडी, दुखणं, शेवटचे दिवस. बोलणं वेगळं शिकवू नका, प्रत्येक कामात ते येतंच.

सुरुवातीला एक प्रयोग करा. प्रत्येक कर्मचाऱ्याला खाटेवर उताणं झोपवा आणि २० मिनिटं हलू देऊ नका. मग उशी न देता कुणीतरी चमच्याने पाणी पाजा. पाणी नरड्यात कसं अडतं आणि माकडहाड कसं ठणकतं, हे कळलं की पुढचं निम्मं सांगावं लागत नाही.

तोंड: दर २ तासांनी, बेशुद्ध असला तरी. एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं. कवळी काढायची. डोकं एका कुशीला, गालाखाली टॉवेल. बोटाला गॉज गुंडाळून भिजवायचा आणि पिळून घ्यायचा, कारण टपकणारं पाणी थेट श्वासनलिकेत जातं. आधी गाल, मग हिरड्या, शेवटी जीभ. फार मागे गेलात तर उमासा येतो. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलीन टाळा. ग्लिसरीन लावायची सवय मोडा, त्याने तोंड उलट कोरडं पडतं. पांढरा थर खरवडल्यावर खालून रक्त आलं तर ती बुरशी. तो घासून काढायचा नाही, सिस्टरला सांगायचं.

कातडी: दर २ तासांनी कूस. दोघांनी मिळून, खाली घातलेल्या आडव्या चादरीने उचलून. काखेत हात घालून ओढायचं नाही, ओढताना कातडी आतून सोलवटते. पूर्ण कुशीवर नको, साधारण ३० अंशांवर, पाठीमागे उशी. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली. लाल जागा चोळायची नाही. हवेची गोल रिंग तर केंद्रातूनच बाहेर काढा, ती कडेने रक्तपुरवठा दाबते. लाल जागेवर बोट दाबून सोडलं आणि ती पांढरी झाली नाही तर इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने बघा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का?

एअर मॅट्रेस घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. लाइट गेली की ती बसते, हेही रात्रपाळीला सांगून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तेव्हा रबरी शीटवर एकच पातळ चादर असेल तर घामाने पाठ ओली राहून दोन दिवसांत जखम होते. शीट फक्त कमरेखाली, वर सुती चादरीच्या दोन घड्या, आणि प्रत्येक कुशीला पाठ कोरडी करणं.

यावलची_सिस्टर

दुखण्याचं मी सांगते.

चार्टवर ताप, नाडी, श्वास, बीपी यांच्याशेजारी पाचवा रकाना दुखण्याचा करा. शून्य ते दहा सांगणं म्हाताऱ्या माणसांना अवघड जातं. "रुपयातले किती आणे दुखतंय?" विचारलं की बरोबर सांगतात, बारा आणे, चार आणे. "कोठे दुखस?" हे मावशीने विचारलं तर उत्तर येतं, डॉक्टरांना मात्र "ठीक शे" म्हणतात. म्हणून मावशीचा आकडा चार्टवर गेलाच पाहिजे. बोलता येत नसेल तर पाच गोष्टी बघायच्या: श्वास, कण्हणं, चेहरा, अंग आखडणं किंवा हातपाय आवळणं, आणि जवळ घेतल्यावर शांत होतो का. प्रत्येकी ० ते २, बेरीज १० पैकी. औषध दिल्यावर तासाभराने परत मोजायचं. हे दुसरं मोजणं नेहमी राहून जातं आणि मग डोस पुरतो की नाही हे डॉक्टरांना कळायला मार्गच उरत नाही.

मॉर्फिनचा डोस डॉक्टरच लिहिणार. पहिल्यांदाच सुरू करताना साध्या गोळीचा सहसा ५ मिग्रॅ दर ४ तासांनी, फार अशक्त किंवा वयस्कर माणसाला २.५. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री १० ला बहुधा दुप्पट लिहितात, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. "दुखलं तर द्या" हा घोटाळा आहे. दुखणं चढल्यावर दिलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढा वेळ माणूस तळमळतो, आणि सगळे म्हणतात मॉर्फिन लागू पडत नाही. गोळी घड्याळावर. मधेच उसळलं तर ४ तासांच्या डोसइतकाच जादा डोस डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवावा. ड्रेसिंग किंवा अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात हवी. एसआर (हळूहळू सुटणारी) लिहिलेली गोळी कुटून नळीतून द्यायची नाही, १२ तासांचं औषध एकदम सुटतं.

बद्धकोष्ठ होणारच. म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री पोट साफ होण्याची बायसाकोडिल गोळी, आणि शौचाचा रकाना रोज भरायचा. ३ दिवस झालं नाही तर सिस्टरने गुदमार्ग तपासायचा. खडा अडकलेला असला की बाजूने पातळ शौच झिरपतं, मावशीला जुलाब वाटतात आणि कुणीतरी जुलाब थांबवायची गोळी देऊन मोकळं होतं. मळमळ आणि गुंगी पहिले काही दिवस असते, नंतर ओसरते. गुंगी वाढत गेली, हातपाय झटके देऊ लागले, लघवी कमी झाली तर किडनी थकून औषध साचतंय, लगेच फोन. हाक मारून, खांदा हलवूनही उठत नाही आणि श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टर. ही रेष भिंतीवर लिहून ठेवा, धास्ती पुष्कळ कमी होते.

फेंटॅनिलचा पॅच (कातडीवर चिकटवायचं मॉर्फिनसारखं औषध) असेल तर उन्हाळ्यात डोळ्यात तेल घालून बघा. तापलेल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. पत्र्याची खोली, ताप, शेकायची पिशवी, तिन्ही धोक्याचे. दर ७२ तासांनी बदलायचा, तारीख-वेळ पॅचवर लिहायची, घामाने कडा सुटलीय का हे प्रत्येक पाळीत बघायचं. भ्रमिष्ट रुग्ण ओढून काढतो, त्याला पाठीवर वरच्या बाजूला लावा. पहिला लावल्यावर असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध कसं चालवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मॉर्फिनच्या साठ्याचं: २०१४ च्या दुरुस्तीनंतर एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था असा प्रकार आहे, मान्यता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून. प्रशिक्षित डॉक्टर लागतो. ती मान्यता नसेल तर केंद्राने साठा ठेवू नये. मान्यताप्राप्त ठिकाणाहून रुग्णाच्या नावावर आलेल्या गोळ्या त्याच रुग्णाला. कुलपात ठेवा, नोंदवही दोन सह्यांची, शिल्लक प्रत्येक पाळी बदलताना मोजून.

चाळीसगावकर

खूप उपयोगी. सिस्टर, आण्यांचं उद्यापासूनच सुरू करते. शेवटच्या दिवसांचं कुणी सांगेल का? घशात घरघर सुरू झाली की आमचे वॉर्डबॉय सक्शन मशीन (घशातला स्राव ओढून काढणारं) लावतात, आणि नातेवाईक सलाइनसाठी हट्ट धरतात.

पांझरा

रात्रपाळी १०८ बोलावते कारण फाइलमध्ये काहीच लिहिलेलं नसतं. दोष तिचा नाही. रुग्ण शेवटच्या दिवसांत आलाय असं दिसू लागलं की डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या: मृत्यू अपेक्षित आहे, नातेवाईकांशी बोलणं झालं आहे, इस्पितळात हलवायचं नाही असं ठरलं आहे. दुखणं, घरघर, धाप, तगमग यांसाठी कोणतं औषध किती, कुणी द्यायचं, फोन कुणाला. ती औषधं संध्याकाळीच हाताशी हवीत. तोंडाने गिळता येणार नाही, तेव्हा त्वचेखालच्या सुईची सोय सिस्टरने आधी करून ठेवावी.

मावश्यांना खुणा शिकवा. झोप वाढते, खाणंपिणं सुटतं, लघवी गडद आणि थोडी. हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी. श्वास भरभर, मग हळू, मग मधे थांबून पुन्हा सुरू. या खुणांना पळापळ करायची नसते. फोन लगेच कशाला? आवरत नसलेलं दुखणं किंवा धाप, आकडी, भळाभळा रक्त. मान किंवा तोंडाच्या कर्करोगात रक्त फुटू शकतं, म्हणून खाटेजवळ गडद हिरवे किंवा लाल टॉवेल ठेवा. पांढऱ्यावर थोडंही रक्त भयंकर दिसतं.

घरघर: खोल सक्शन नको, त्याने रुग्णाला त्रास होतो आणि स्राव परत भरतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच, तोंडातलं गॉजने टिपून घ्या. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ त्वचेखाली लिहिलेलं असेल तर पहिल्या आवाजालाच द्या, कारण साचलेलं ते सुकवत नाही, फक्त नवं बनणं कमी करतं. घरच्यांना सांगा, तो आता खोल गुंगीत आहे, या आवाजाचा त्रास त्याच्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त होतो. धाप लागली तर टेबलफॅन थेट चेहऱ्यावर, भारनियमनात हातपंखा.

सलाइन: या टप्प्यात दिलेल्या पाण्याचा शरीराला फारसा उपयोग होत नाही. सूज, घरघर, छातीत पाणी वाढू शकतं. पण नुसतं नको म्हटलं की "उपाशी मारता का" येणारच. मग घरच्यांच्या हातात गॉज द्या आणि तोंड ओलं ठेवायला शिकवा. त्यांना करायला काहीतरी मिळतं, हट्ट बहुधा तिथेच निवतो.

गंगाजल किंवा जमजम एक-दोन थेंब, डोकं कुशीला ठेवून, चालतं. तुळशीचं पान ओठांवर ठेवा, जिभेवर आत नको. जमिनीवर घ्यायचं असेल तर शेवटच्या क्षणी ओढाताण नको. औषध देऊन, गादीसकट, चौघांनी चादरीने. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुटुंबांना माणूस गावीच जावा असं वाटत असेल तर खुणा दिसायच्या आधी विचारा. सातपुड्यातल्या त्या रस्त्यावर शेवटच्या रात्री निघालं की माणूस वाटेतच जातो. सोबत औषधं, लिहिलेलं पान आणि फोन नंबर द्या.

बोलण्याचं थोडक्यात. "काही होत नाही, बरे व्हाल" नको, "आता काही करण्यासारखं नाही" तर मुळीच नको. "आजार हटत नाही, पण दुखणं आणि धाप यावर आम्ही औषध देतोय, रात्रीही कुणीतरी आहे" एवढं पुरतं. घरचे म्हणतात त्यांना सांगू नका, आणि बाबा मावशीलाच विचारतात, मी जगणार का? मावशीने खोटं बोलायचं नाही आणि निदानही सांगायचं नाही. खाली बसायचं, "तुमले काय वाटस?" विचारायचं, ऐकायचं, आणि सिस्टरच्या कानावर घालायचं.

सातपुडा_पायथा

पांझरा भाऊंच्या पानासोबत हे जोडा. रुग्ण शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालात त्यासाठी न्यायदंडाधिकारी लागत होता. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. चालू उपचार काढायचे असतील तर दोन वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया आहे, ते इस्पितळाचं काम.

मृत्यूनंतर: पॅच काढा आणि चिकट बाजू आत दुमडा. डोळे मिटवून हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल लगेच, जबडा काही तासांतच ताठरतो. मृत्यूच्या कारणाचा दाखला घरी मृत्यू झाला तर नमुना ४ अ, संस्थेत झाला तर नमुना ४, नोंदणी २१ दिवसांत. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, सही घेऊन, जिथून आणल्या तिथे परत.

चाळीसगावकर

एकच राहिलं. तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेत अळ्या झाल्या तर? आमच्याकडे रॉकेल ओततात.

यावलची_सिस्टर

रॉकेल अजिबात नको, ताई. टर्पेंटाइनने भिजवून पिळलेला गॉज जखमेच्या तोंडाशी थोडा वेळ धरायचा, आत ओतायचा नाही. अळ्या बाहेर येतात तशा चिमट्याने काढायच्या. दोन-तीन दिवस परत बघायचं, एका वेळी सगळ्या निघत नाहीत. आधी दुखण्याचा डोस. मग सलाइनने धुऊन मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर, वास त्यानेच जातो. ड्रेसिंग चिकटलं असेल तर आधी सलाइनने पाच मिनिटं भिजवा, ओढून काढलं की रक्त येतं. खाटेला मच्छरदाणी दिवसाही, कारण माशी दिवसा बसते.