‘बरी’ बुडाला ते बरंच झालं म्हणे!

भोंग्याचा नातू:
काल ‘हिशेबी’ यांनी दुसरीकडे लिहिलं, “खेळाडूंचे पगार देता येत नसतील तर क्लबनं गाशा गुंडाळावा. इंग्लंडातल्या बरी एफसी या फुटबॉल क्लबला २०१९ साली लीगमधून हाकललं ते योग्यच. बुडीत धंद्यावर रडत बसायची आपल्याला खोडच आहे.” रात्री झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

बरी म्हणजे मँचेस्टरच्या उत्तरेचं, सुताच्या गिरण्यांवर वाढलेलं गाव. क्लब १८८५ चा. १९०० मध्ये साऊदॅम्प्टनला ४-० हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडातला सगळ्यात जुना फुटबॉल कप, नेला. १९०३ ला पुन्हा, डर्बी काउंटीला ६-०, आणि त्या वर्षी अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. कपच्या फायनलमध्ये याहून मोठा विजय आजवर झालेला नाही. मँचेस्टर सिटीनं २०१९ मध्ये वॉटफर्डला ६-० मारून बरोबरी केली, तेवढीच. आणि त्याच २०१९ मध्ये, १८९४ पासून लीगमध्ये असलेल्या बरीचं नाव काढून टाकलं.

आता २७ ऑगस्टचा तो दिवस बघा. नवीन मालक येणार अशी हवा होती. माणसं झाडू, बादल्या, फडकी घेऊन गिग लेन मैदानावर गेली. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, सगळी. खुर्च्या पुसल्या, कचरा काढला, कारण पुढची मॅच होणार होती. रात्री अकराच्या सुमारास निकाल आला, हकालपट्टी. मालक स्टीव्ह डेल, एका पौंडात क्लब घेतलेला. तो रेडिओवर सांगून मोकळा झाला होता की बरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेच मला माहीत नव्हतं!

ज्यांनी बुडवलं ते सुटले आणि ज्यांनी खुर्च्या पुसल्या त्यांना शिक्षा. याला तुम्ही ‘योग्य’ म्हणता. माझे आजोबा गिरणीत मागाच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा गावातले शहाणे हेच म्हणाले होते, तोट्यातला धंदा, जायचाच. आजोबांची देणी मरेपर्यंत आली नाहीत. घरात त्यांचा पाळीचा बिल्ला तेवढा आहे.

हिशेबी:
आजोबांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण भावनेच्या भरात एक गोष्ट सोयीनं गाळलीत. २०१८-१९ मध्ये बरी लीग टूमध्ये, म्हणजे वरून चौथ्या पायरीवर, दुसरा येऊन वर चढला, आणि त्याच मोसमात खेळाडूंचे पगार थकले होते. म्हणजे न झेपणारे खेळाडू उधारीवर खेळवून बढती मिळवली. अंथरूण पाहून पाय पसरले आणि चौथा आला, अशा क्लबनं काय करायचं? त्याच्यासाठी कोण झाडू घेऊन जाणार?

डेलच्या आधीच्या मालकाच्या काळात मैदान गहाण पडलं, बाहेरच्या पार्किंगच्या जागासुद्धा एकेक करून गुंतवणूकदारांना विकल्या. तेव्हा स्टँडमध्ये टाळ्याच वाजत होत्या ना?

पंचगंगाकाठ:
सोलापूरकर फुटबॉलवर भांडायलेत, बघून बरं वाटलं. 😄 आमच्याकडं हा प्रश्नच येत नाही. पाटाकडील-खंडोबा या दोन तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. मालक नाही, शेअर नाही. पेठ आहे, तालीम आहे. तालीम विकत घेणारा अजून जन्मायचाय.

पार्क चौक:
आलं बे कोल्हापूर! कुठलाही धागा काढा, तांबडा-पांढरा घेऊन हजर. तुमच्या त्या मॅचला पोलीस किती लागतात तेही लिहा की.

मूळ दुखणं वेगळंच आहे. या गावात फुटबॉलला जागाच ठेवली नाही. आमच्या भागातल्या मैदानावर (नाव घेत नाही, उगाच कुणाचा फोन यायचा) मधोमध पिच आहे म्हणून चेंडू घेऊन आत गेलं की हाकलतात. पोरं कडेला खेळतात, दोन विटा ठेवून.

सात रस्ता:
हाकलणारच की. हे क्रिकेटचं गाव आहे. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, १९२६ साली. २०२४ च्या जानेवारीत पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, बघायला गेला होतात का? मी चारही दिवसांचा बेत करून डबा बांधून गेलो होतो. फुटबॉलला तुमच्याकडं बावीस माणसं जमेनात आणि जागा पाहिजे.

पार्क चौक:
उम्रीगर इथं जन्मले आणि खेळले मुंबईकडून. त्यात सोलापूरच्या पिचचा काय संबंध? आणि बावीस जमत नाहीत कारण जागा नाही. आधी कोंबडी का आधी अंडं, तुम्हीच सांगा, डबा खाता खाता.

सात रस्ता:
वैयक्तिक जाऊ नका. डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी होती, तुम्हाला दिली नसती.

पंचगंगाकाठ:
पोलीस लागतात, कबूल. भांडणं होतात, मोसम गुंडाळायची वेळ येते, लाज वाटते. पण अनिकेत जाधव आमचा, २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. विटांच्या गोलपोस्टमधून नाही झाला तो.

पार्क चौक:
संस्थानानं तुम्हाला तालमी दिल्या, आम्हाला गिरण्यांनी भोंगे दिले. तुमचं राहिलं, आमचं गेलं. त्यात तुमचं कर्तृत्व काय बे?

भोंग्याचा नातू:
बास. कोल्हापूर आणि क्रिकेट दोन्हीसाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथं भांडायला.

हिशेबी, उधारीवर बढती हा मुद्दा खरा आहे. खटकतो, पण खरा आहे. आता तुमच्या चोख हिशेबवाल्यांचं बघू. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटीनं पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, १९९६-९७ ला. मागं अख्खी कापड गिरणी. २०११ मध्ये कंपनीनं संघ बंद केला. महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चे राष्ट्रीय विजेते, २०१० मध्येच बंद. वर कुणाला तरी वाटलं की आता नको, संपलं. तिथं कोण झाडू घेऊन गेलं? आणि बरी? लोकांनी बरी एएफसी नावाचा नवा क्लब काढला, शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळले, पार तळातून. २०२२ मध्ये गिग लेन परत मिळवलं. २०२३ पासून जुन्या नावानं तिथंच खेळतायत. मालक चाहते. लीगची कितवी पायरी ते मोजत बसा तुम्ही.

हिशेबी:
मोजतोच. आणि तुम्ही परत अर्धंच सांगितलं. गिग लेन मिळालं त्यात सरकारी निधीचे दहा लाख पौंड होते. मैदान घेणारे एका बाजूला, नवा क्लबवाले दुसऱ्या बाजूला. एकत्र यायचं मतदान २०२२ ला झालं तेव्हा नव्या क्लबवाल्यांची मतं दोन-तृतीयांशाला कमी पडली. २०२३ ला पुन्हा घ्यावं लागलं. ‘लोकांचा क्लब’ म्हणजे गोडीगुलाबी नव्हे, सोसायटीची सर्वसाधारण सभा असते ती.

मला हे का टोचतं ते सांगतो, एकदाच. मी आमच्या गल्लीच्या संघाचा खजिनदार होतो. वर्गणी दरमहा पाच रुपये. मैदानावर सगळे अकरा, वर्गणीला चौघं. चेंडू फाटला की मी, रेफ्रीचे मी, हरल्यावरचा उसाचा रसही मीच. दुकानदार उधारी मागायला घरी आला, वडिलांनी भरली आणि वहीच बंबात घातली. संघ संपला. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते, “खजिनदारानं बुडवला.” तेव्हापासून जो फुकट टाळ्या वाजवतो त्याचा मला राग आहे.

पार्क चौक:
हे आधी सांगितलं असतं तर एवढं पेटलं नसतं की.

भोंग्याचा नातू:
हिशेबी, दुखतं कुठं ते कळलं. पण बघा, तुमचा संघ वर्गणी न देणाऱ्यांनी बुडवला, बरी एकट्या सह्या करणाऱ्यांनी. दोन्हीला एकच औषध देऊ नका. आमच्या चाळीचा संघ होता, वर्गणी रडतखडतच. शर्ट चादरीच्या कारखान्यात ओळखीनं रंगवून घेतले, मोरपंखी. पहिल्याच पावसात रंग सुटला, घरी गेलो तर छाती-पाठ निळी. आई आठवडाभर घासत होती. तो संघ कुणी विकत घेतला नसता. पण अजून दिवाळीत भेटलो की त्यावरच बोलतो.

हिशेबी:
मोरपंखी? रंग उतरलेले? रेल्वे लाईनजवळच्या मैदानावर गणपतीच्या आधी एक स्पर्धा झाली होती, त्यातले का तुम्ही? आम्ही तुम्हाला ३-१ मारलं होतं. माझ्या वहीत होतं.

भोंग्याचा नातू:
३-२. आमचा दुसरा गोल तुमच्या रेफ्रीनं दिला नाही. आणि वही तर बंबात गेली म्हणता.

हिशेबी:
ऑफसाईड होता.